इथूनच येतो

कार्तिक वद्य नवमी. सकाळची वेळ होती आणि मी पुढची खोली सारवत होते.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. भुताखेतांवर, अंगात येण्यावर, करणीबिरणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. मी सुईण आहे. अकोल्याला रीतसर ट्रेनिंग घेतलं आणि वाशीमच्या डिस्पेन्सरीत नोकरी करते. माणूस जगात येताना आणि जगातून जाताना मी पुष्कळ वेळा जवळून पाहिला आहे. त्या वेळी गरम पाणी, साबण आणि स्वच्छ फडकी यांचा उपयोग होतो, बाकी कशाचा होत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली बायका विळा ठेवतात, तो मी आधी काढून घेते. भूत पळेल तेव्हा पळेल, तोवर कोणाचा तरी हात कापायचा.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. बरेचसे पटत नाहीत, हेही सांगते. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे दिवा चालत येतो... मला तसलं काही दिसलं नाही. मला फक्त दारातून दोन वाक्यं ऐकू आली, आणि त्यांना मी उत्तर दिलं.

ज्याची ती वाक्यं होती, तो माझा थोरला भाऊ. सखाराम त्याचं नाव. मी त्याला दादा म्हणायची, अख्खं वाशीम भाऊ म्हणायचं.

आमचं गाव रिठद. घरी थोडी शेती होती. पहिल्या लढाईच्या वेळी दादा पलटणीत भरती झाला तेव्हा मी लहान होते, पण तो निघाला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कपाळाला कुंकू, खांद्यावर पिशवी, पायात कोणाकडून तरी मागून आणलेल्या वहाणा. उंबऱ्यावर उभा राहून तो म्हणाला, "जातो वं माय."

आईनं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "जातो म्हनू नाई रे! येतो म्हन."

"जाऊन तं राह्यलो. खोटं कायले बोलू?"

"तू येतो म्हन. मी ये म्हनते. मंग जाय कुठं जायाचं ते."

दादा हसला. म्हणाला, "येतो."

आई म्हणाली, "ये."

हे काही आमच्याच घरचं नाही. आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, सगळीकडे तीच रीत आहे. पण दादाच्या बाबतीत ती नुसती रीत राहिली नाही.

तो बसऱ्याकडे खेचरांच्या तुकडीत होता. तिथलं तो फारसं सांगत नसे. वाळू, माश्या, तहान आणि खेचरं, एवढंच. त्याचा एक गुडघा कायमचा अधू झाला होता. कोणी विचारलं, गोळी लागली का भाऊ, तर म्हणायचा, "तुर्कानं सोडलं बाप्पा मले. आपल्याच खेचरानं हानलं." त्याच तुकडीत वाशीमचे रहमानभाई होते. दोघं बरोबर गेले, बरोबर परत आले.

दादा परतला त्याच्या आदल्या वर्षीच आई तापाच्या साथीत गेली होती. त्याला ते कळलेलं नव्हतं. तो रिठदला आला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माय, आलो वं!" मी आतून बाहेर आले. माझ्याकडे पाहूनच त्याला समजलं असावं. पिशवी खाली न ठेवता त्यानं आत सगळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी तं आलो. ये म्हननारी कुठं गेली?"

त्यानंतर दादानं 'येतो' म्हटल्याशिवाय कधी घर सोडलं नाही, आणि कोणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकलं नाही.

पुढे त्याचं लग्न झालं. वहिनी पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. गावच्या म्हातारीनं करायचं ते केलं होतं, पण तिला येत होतं तेवढंच येत होतं. त्याच सुमारास मी विधवा होऊन शेलूबाजारला सासरी पडले होते. दादा बैलगाडी घेऊन आला. माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "बाईले नेतो." सासरे म्हणाले, नेऊन काय करशील? दादा म्हणाला, "शिकवतो. आमच्या घरी एक बाई शिकलेली असती तं एक बाई वाचली असती." रिठदला लोक पुष्कळ बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि मला ट्रेनिंगला घातलं. त्याला रिठदचं घर नकोसं झालं होतं. माझी नोकरी लागल्यावर आम्ही दोघं वाशीमला राहायला आलो. तो एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर लागला.

बॉयलरचं काम म्हणजे आगीसमोर उभं राहणं. वरून कापसाचा भुरका. सरकी वेगळी होते आणि रुई हवेत उडते, ती नाकातोंडात जाते. संध्याकाळी दादा घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या आणि हात काळे. सकाळचा भोंगा तोच वाजवायचा. वाशीमचं अर्धं गाव त्याच्या हातानं उठायचं.

रोज सकाळी आमच्या घरी हेच चालायचं. मी चुलीपाशी, हात पिठात. तो पुढच्या दारात.

"येतो वं गंगे!"

"ये!"

मला ऐकू गेलं नाही तर पुन्हा हाक. मी एखाद्या बाळंतपणाला गेले असले तर तो भिंतीपलीकडच्या कोंडामायकडून 'ये' म्हणवून घ्यायचा. कोंडामाय म्हणजे आमची म्हातारी शेजारीण, जिभेनं तिखट. ती त्याला म्हणायची, "जिनात जाऊन राह्यला का लढाईवर, भाऊ?"

"बॉयलर म्हनजे काई कमी लढाई हाये का, कोंडामाय? तू ये म्हन अन् मोकळी होय."

"ये बाप्पा ये! न येऊन जातं कुठं हे लंगडं घोडं!"

अशी बरीच वर्षं गेली. मला वाटतं, आम्ही सुखात होतो. त्या वेळी असं काही म्हणायला सुचलं नाही, एवढंच.

दुसरी लढाई सुरू होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा दादाचा खोकला हटेना. मग दम लागायला लागला, मग पायांवर सूज. सूज बोटानं दाबली की खळगा तसाच राहायचा. त्याचा अर्थ मला कळत होता. आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

मी बरोबर जायला निघाले होते. पण आमच्याच गल्लीतली एक मुलगी अडली होती, पहिलटकरीण, मूल पायाळू. दादा म्हणाला, "पयली वेळ हाये तिची. तू हाल्ली नाई पायजे इथून."

"आणि तुझ्याकडे कोण बघणार?"

"रहमान हाये नं. बसऱ्यात यानंच पाह्यलं मले. याच्या हातचं खाऊनही जगलो, अजून काय पायजे?"

रहमानभाई म्हणाले, "सुन लो बाई. जनमभर मेरा खाया, अब नाम रखता."

मी राहिले. ते बरोबर होतं असंच मला आजही वाटतं. मुलगी वाचली, मूलही वाचलं. मोटारअड्ड्यावर मी पोचवायला गेले. मोटारीत चढताना दादाला दम लागला. दोघांनी हात देऊन चढवलं. खिडकीशी बसल्यावर जरा श्वास आला तेव्हा तो म्हणाला, "येतो वं गंगे."

मी म्हटलं, "ये."

गाडी हलली. रहमानभाई खिडकीतून ओरडले, "वापस लाताच हूँ!"

काही दिवसांनी जिनाचा लॉरीवाला अकोल्याहून निरोप घेऊन आला. जिनाची लॉरी रुईच्या गाठी घेऊन अकोल्याला जायची, त्यामुळे निरोपाची सोय होती. तो म्हणाला, "भाऊ बरा हाये. पेज पिला म्हने. दोन-तीन रोजात आनतो म्हने रहमानभाई. वाटलंच तं माह्याच लॉरीत बसवून आनीन."

म्हणून मी खोली सारवायला घेतली.

पुढची खोली दादाची. तिचं दार गल्लीत उघडतं. तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि त्याचं दार मागच्या अंगणात, जिथे आमची आणि कोंडामायची सामायिक विहीर आहे. घराच्या बाजूनं एक अरुंद बोळ जातो. पुढून कोणाला मागे यायचं असेल तर त्या बोळातून येता येतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सारवताना आपण मागे मागे सरकत येतो, हे बायकांना सांगायला नको. पुढच्या दारापासून सुरुवात केली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकत होते. पुढचं दार नुसतं लोटून ठेवलं होतं, कोंबडं आत शिरू नये म्हणून. थंडीचे दिवस, सारवण वाळायला वेळ लागतो. माझ्या आणि दाराच्या मध्ये सगळी जमीन ओली होती. जिनाचा सकाळचा भोंगा होऊन थोडाच वेळ झाला होता. दादाच्या जागी दुसराच कोणी वाजवायचा, आणि तो फार लांबवायचा.

मी खाली मान घालून हात फिरवत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"येतो वं गंगे."

दादाचा आवाज. जरा दमलेला, पण त्याचाच. लांबून आल्यासारखा नाही, घुमणारा नाही, काही नाही. रोजच्यासारखा.

मला आधी आनंदच झाला. वाटलं, लॉरीवाल्यानं आजच आणला, आणि याला तर आत यायची घाई. माझ्या तोंडून निघालं, "थांब दादा! पाय नको टाकू. ओलं आहे सगळं."

दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी सारवणावर पडत होती. ती त्या वेळी अडली होती का? मला वाटतं अडली होती. पण हे मी शपथेवर सांगणार नाही.

दारातला आवाज म्हणाला, "बरं. मंग इथूनच येतो."

मी म्हटलं, "ये, ये."

मी काय समजले ते उघड आहे. इथूनच येतो, म्हणजे या बाजूच्या बोळातून मागच्या दारानं येतो. मी शेणाचे हात तसेच घेऊन उठले, स्वयंपाकघरातून मागे गेले, कोपरानं कडी काढली आणि दार सताड उघडलं. हात धुतले. प्रवासातून आलेल्या माणसाला पाय धुवायला ऊन पाणी हवं, म्हणून आंघोळीचं पातेलं चुलीच्या पुढच्या अंगाला ओढलं. हात धुतले. वाट पाहिली.

बोळ काही मोठा नाही. लंगडत आला तरी केव्हाच यायला हवा होता.

कोंडामाय विहिरीवर पाणी शेंदत होती. ती म्हणाली, "सकाळी सकाळी कोनाशी बोलून राह्यली वं?"

"दादा आला. बोळातून येतोय."

"कुठं येऊन राह्यला? मी कवाची इथं उभी हावो."

"तुम्हाला त्याचा आवाज नाही आला?"

"तुहाच आला. थांब दादा, ये ये, असा. त्याचा नाई बाप्पा आला."

मी बोळात जाऊन पाहिलं. पुढे गल्लीत जाऊन पाहिलं. समोरचा शिंपी ओट्यावर बसून काज करत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, इथं कोणीच आलं नाही. पुढचं दार लोटलेलं होतं तसंच होतं. मी ते जरा ढकलून आत पाहिलं. सारवण ओलं, चकचकीत, त्यावर माझ्या हाताचे अर्धगोल. पाऊल नाही.

मी स्वतःला म्हटलं, रात्रभर बाळंतपणाचं जागरण झालंय, पोटात काही नाही, भास झाला. पातेलं चुलीवरून उतरवलं आणि डिस्पेन्सरीत गेले.

दुपारी लॉरी आली.

मी तेव्हा नुकतीच घरी आले होते. लॉरी गल्लीच्या तोंडाशी थांबली. रहमानभाई पुढून उतरले आणि माझ्याकडे न बघता मागच्या बाजूला गेले. मागे, रिकाम्या लॉरीत, पांढऱ्या चादरीत दादा होता. चादरीला कुठे कुठे रुई चिकटली होती. ती मी वेचली. आधी दुसरं काही सुचलं नाही.

जिनातली माणसं जमली. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. रिठदहून चुलतभाऊ आले, त्यांनी अग्नी दिला. रहमानभाई खांदा द्यायला पुढे झाले तेव्हा कोणी काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

परत आल्यावर ते आमच्या मागच्या अंगणात बसले. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून. कोंडामायनं चहा दिला, तो हातात तसाच गार झाला. मी विचारलं, शेवटी त्रास फार झाला का? जाणाऱ्याच्या घरचे मला हेच विचारतात, तेव्हा त्यांना काय हवं असतं ते त्या दिवशी कळलं.

"नाई बाई. तकलीफ नाई झाली," रहमानभाई म्हणाले. "रात भर सोया. सवेरे उधर कोई मिल का भोंगा हुआ. उठ के बैठ गया. बोला, ड्यूटी हाये. मैं बोला, लेट जा भाई, छुट्टी पे है तू. तो हसला. फिर दीवार की तरफ मुँह करके बोला... येतो वं गंगे."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मैं समझ गया, इसको जवाब होना. मीच बोललो, ये. आओ भाई, ये. तो मेरेको गुस्सा करके बोलता, तू नको. बसऱ्यात तू म्हनत होता, ठीक हाये. इथं गंगा म्हनन. अन् मंग कान देऊन बसला. जैसे कोई अंदर से बोल रहा, और उसको सुनना है."

"मग?"

"मंग पाय वर घेतले." रहमानभाईंनी स्वतःचे पाय उचलून कठड्याजवळ घेऊन दाखवले. "दोनो पाय. ऐसा. वो सूजे हुए पाय, कल तक हिलते नाई थे. बोला, ओलं हाये म्हनते. मले वाटलं बिस्तर गीला झाला. मैं चादर टटोल के देखा, नीचे फर्श देखा. सूखा था बाई. सब सूखा. वॉर्डवाल्याले बोलावलं, त्यानंबी पाह्यलं. मंग भाऊ बोलला, बरं, मंग इथूनच येतो. और मैं... मैं खुश हो गया. मले वाटलं, घरी येतो म्हनून राह्यला. बरा होऊन राह्यला. मैं बोला, हाँ हाँ, चलते घर. मैं पानी लाने पलटा..."

त्यांनी कप खाली ठेवला.

मी त्यांना तोवर सकाळचं काहीच सांगितलेलं नव्हतं. कोंडामायनंही नाही. तिला मी तिथल्या तिथे विचारलं. रहमानभाई लॉरीतून उतरले ते थेट दादापाशी. पुढची खोली सारवली होती हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. दादाला बोळातून मागच्या अंगणात नेलं होतं, कारण बोळ अरुंद असला तरी अंगणात जागा होती.

मी त्यांना उलटसुलट विचारलं. नक्की हेच शब्द? नक्की याच क्रमानं? ते रागावले. "बाई, तीस बरस उसके साथ बैठा. त्याचं बोलनं मले समजत नाई का?"

आता माझी बाजू सांगते. शेवटच्या वेळी माणसाचे पाय गार पडतात. गार आणि ओलं यातला फरक अंगाला नीट कळत नाही. पुष्कळ जण म्हणतात, अंथरूण ओलं झालं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. भोंग्यानं त्याला जाग आली, सवयीनं तो 'येतो' म्हणाला, पाय गार पडले म्हणून 'ओलं आहे' म्हणाला. इथपर्यंत माझी काही हरकत नाही. आणि मी इकडे भास म्हणून त्याचा आवाज ऐकला, माणूस मनात असला की होतं, तेही मान्य.

पण तो नुसतं 'ओलं हाये' म्हणाला नाही. तो म्हणाला, 'ओलं हाये म्हनते.'

म्हनते. कोणी तरी बाई त्याला सांगते आहे, ओलं आहे, आणि तो ते रहमानभाईंना सांगतो आहे. त्या खोलीत तेव्हा बाई नव्हती. पुरुषांचा वॉर्ड होता.

या एका शब्दाशी मी किती दिवस झगडले ते सांगत नाही. डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि योगायोग म्हणाले. असेल. मला योगायोगाचं वावडं नाही. पण मला तो पटत नाही, आणि दुसरं काही सापडतही नाही. वाचकांपैकी कोणाला सापडलं तर जरूर कळवावं. फक्त आत्मा, मोक्ष वगैरे लिहू नये. ते मला कोंडामायनं पुष्कळ सांगून झालं आहे.

मला स्पष्टीकरणापेक्षा दुसरंच बोचतं. तो निरोप घ्यायला आला होता आणि मला वाटलं तो घरी आला. शब्द तोच. आपल्याकडे दोन्हीला शब्द तोच आहे. त्याला 'ये' हवं होतं, ते मिळालं, याचं समाधान मी करून घेते. पण माझं 'ये' निरोपाचं नव्हतं हो. मी त्याला खरोखर बोलावत होते. मी मागचं दार उघडून उभी होते.

त्या रात्री कोंडामायनं पुढच्या खोलीत, सारवणावर, थोडं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि वर टोपली उपडी घातली. गेलेला माणूस कोणत्या जन्माला जाणार त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं म्हणतात. मी म्हटलं, "पीठ वाया नका घालवू." ती म्हणाली, "माह्या घरचं हाये. तू चूप बस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आली आणि टोपली उचलली. खूप वेळ वाकून पाहत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "पाखरू झाला वं तुहा भाऊ. पाह्य, बारीक बारीक पाय."

मी पाहिलं. "मुंग्या आहेत, कोंडामाय."

"पाखरूच हाये."

"बरं. पाखरू."

ती पीठ गोळा करून गेली. मी खाली बसले आणि जमिनीवर तळहात ठेवून पाहिला. दारापाशी, मध्ये, भिंतीकडेला. सगळीकडे खडखडीत वाळलं होतं. हाताला गार लागत होतं, पण ओलं नव्हतं.

मी उठून पुढचं दार उघडलं. गल्लीत कोवळं ऊन आलं होतं. रोज बोलते त्याच आवाजात म्हटलं, "दादा, वाळलं. ये आता."

डोक्यावर चरवी घेऊन दूधवाला चालला होता. तो थांबला. "मले म्हनलं काय, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

तो गेला. तिकडे जिनाचा भोंगा झाला, नेहमीसारखा फार लांबवलेला. तो थांबेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग दार तसंच उघडं ठेवलं, केरसुणी घेतली आणि आतून झाडायला सुरुवात केली.